दिवाळीनंतरचं पाणी

जव्हारच्या एसटी डेपोमागच्या कॉम्प्युटर क्लासात माझ्या वेळेला माझ्याच खुर्चीवर कोणीतरी खुशाल बसलं होतं. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी पुढे झाले. तो वळला, हसला... आणि माझा राग गेला कुठल्या कुठे!

तो नितीन, मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. मी राही, इथल्या शाळामास्तरांची मुलगी. निघालो आम्ही एकाच इंजिनीअरिंग कॉलेजचे! मग सरांनी प्रोजेक्टही एकत्रच दिला. त्याच्या पाड्यासाठी नदीवर पंप आणि वर टाकी. दोन्हींची गणिती मॉडेलं करायची. पंप माझ्याकडे, टाकी त्याच्याकडे. नदीची पातळी बदलते, म्हणून मी पावसाळा, हिवाळा, उन्हाळा अशी तीन मॉडेलं एका रांगेत मांडली.

पंपाला टाकी जोडायची म्हणजे दोन्ही रांगांचा गुणाकार करायचा. तो केला, की कॉम्प्युटर पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं असं जोडत जातो. सोपं काम! पण कॉम्प्युटर अडूनच बसला, कारण नितीनच्या रांगेत चार मॉडेलं होती. नितीन चहा आणायला गेला होता. मी त्याचं शेवटचं मॉडेल खुशाल पुसलं, आणि गुणाकार झाला.

चहाचे ग्लास ठेवून त्याने पडद्याकडे पाहिलं.

"ते दिवाळीनंतरचं होतं," तो हळूच म्हणाला. "अर्धा पाडा तेव्हा जगायला जातो, वीटभट्टीवर कामाला. मागे म्हातारी माणसं राहतात. थोडंच लागतं त्यांना पाणी... पण लागतं ना?"

चहा तसाच टाकून तो गेला. पुन्हा क्लासात फिरकला नाही, कॉलेजातही दिसला नाही. प्रोजेक्ट गेला खड्ड्यात – मला त्याच्यावाचून करमत नव्हतं. तो कायमचाच दुरावला तर, हा विचार पाठ सोडेना.

शेवटी दिवाळी उलटल्यावरच्या रविवारी जीप धरली आणि थेट त्याच्या पाड्याखालची नदी गाठली. खुणा केलेली काठी घेऊन गुडघाभर गार पाण्यात उतरले. हंडा भरायला आलेली पाड्यावरची एक म्हातारी, पोशीआजी, टकामका बघत राहिली. तिच्यामागून तो उतारावरून आला.

"काय करतेस?"

"दिवाळीनंतरची पातळी मोजतेय. माझ्या रांगेत चौथं मॉडेल घालायचंय," मी म्हटलं. "चुकलं माझं."

 तो पाण्यात उतरला आणि डगमगणारी काठी त्याने धरली... माझ्या बोटांसकट. सोडायचं मात्र विसरला.

"नितीन, कोण रं ही पोर?" आजीने विचारलं.

तो जरा घुटमळला. "आजे, ही... मला आवडते."

"मंग तिला सांग की. मला कशाला सांगतोस?"

आजी हंडा उचलून चढणीला लागली. नितीनचे कान लालबुंद झाले होते.

"आवडतेस तू मला," तो म्हणाला.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू येतेस का... वाट बघत होतो."

"आले ना," मी म्हटलं.