सोळा जणी

आमच्या पैदास केंद्रात सोळा काडीकिडे होते, हुबेहूब काटकीसारखे दिसणारे. त्यांच्या जातीचं जगात दुसरीकडे कुणी उरलेलं नाही, असं केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई सांगायच्या. सगळ्या माद्या. या जातीला नर लागतच नाही, अंडी आपली आपण घालतात. "निम्म्या कटकटी वाचल्या," बाई म्हणायच्या. या बोटभर जिवांपायी त्यांनी अकरा वर्षं घातली होती. माझ्याकडे कामं दोनच: गुलाबाची ताजी पानं ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायचा.

बाई आठवडाभर परिषदेला गेल्या आणि मी तीन दिवस ताईचं घर हलवायला गेलो.

"फवाऱ्याची सोय केलीस ना?" बाईंनी फोनवर विचारलं.

"केली की," सोफ्याचं एक टोक धरून मी म्हणालो.

परत आलो तर सोळाही जणी काचेच्या पेटीच्या तळाशी. कडकडीत वाळलेल्या.

मी माणूस वाईट नाही, पण भित्रा एक नंबरचा. मेलेल्या गुपचूप उचलून टाकल्या, मागच्या कुंपणाच्या झुडपातून बोटभर लांबीच्या सोळा काटक्या तोडल्या आणि पानांत अडकवल्या. दिवसभर नाहीतरी या बाया काडी होऊनच लटकतात. एखादा दिवस निभेल, तेवढ्यात खरं सांगायचं धाडस गोळा करू, असा बेत.

बाई आल्या. काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिल्या.

"छान ठेवलंस रे पोरींना."

त्या दिवसापासून काटक्यांना मी इतक्या मनोभावे फवारा मारू लागलो, की त्याच्या निम्म्यानेही त्या सोळा जणी जगल्या असत्या.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या. म्हटलं, अळी असेल.

सहाव्या दिवशी सकाळी बाईंनी हाक मारली. तळाच्या कागदावर तपकिरी, बारीक बियांसारखं काहीतरी पडलं होतं.

"अंडी! नऊ!" बाईंचे डोळे भरून आले. "अरे शहाण्या, दोन वर्षांनी घातली यांनी. तुझ्या हाताला गुण आहे."

ते मात्र मला सहन होईना.

"बाई, त्या मेल्या. माझ्यामुळे. या कुंपणाच्या काटक्या आहेत."

"सकाळी सकाळी थट्टा नको."

"आईशप्पथ. थांबा, दाखवतो."

मी पेटीतून एक काटकी ओढली आणि त्यांच्यासमोर मोडली.

कट्‌.

आत पांढरं, कोरडं लाकूड. जरासा भुसा टेबलावर सांडला.

"बघा."

बाई तुकड्यांकडे बघतच नव्हत्या. पेटीतल्या उरलेल्या पंधरा काटक्या एकदम पानं सोडून खाली पडल्या होत्या. घाबरले की काडीकिडे असंच करतात.

"मागे हो," बाई हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी नोंदवही उघडली. मृत्यू: एक. कारण: हाताळणी. खाली माझी सही घेतली. त्या सोळा जणींची नोंद कुठेच नाही.

दुपारी पानं बदलायला गेलो. पंधराही जणी पुढच्या काचेवर चढून बसल्या होत्या. काटकीचं डोकं नेमकं कुठल्या टोकाला असतं, हे मला कधीच कळलं नव्हतं.

मी दोन पावलं उजवीकडे सरकलो.

पंधरा टोकं उजवीकडे वळली.