नवीन सदस्य, मंजुरी बाकी

निवृत्तीनंतर माणसानं निवांत बसावं, तर बालाघाटच्या मराठी मंडळानं आपला चॅट सर्व्हर माझ्या गळ्यात मारला. कुणी नवं नाव नोंदवलं की माझा आणि वल्लरीचा मोबाइल वाजतो. दोघांपैकी एकानं मंजुरी दिली की तो माणूस आत. शेजारची वल्लरी कॉम्प्युटर शिकलेली, पण मराठी तिला हिंदीतूनच कळते. मला तर या टुणटुणीचा वीट आला होता.

सोमवारी लामता गावच्या प्रेमलालजींचं नाव आलं. 'दोन शब्द लिहा' या रकान्यात त्यांनी एकच लिहिला होता: 'येतो.' मी मंजुरी दिली. अर्ध्या तासानं ते वारल्याचा फोन आला. बुधवारी राजेगावच्या दुर्गाबाई. 'येते.' वल्लरीनं मंजुरी दिली, आणि दुपारी त्याही गेल्या. दुर्गाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं.

"काकाजी, येते म्हंजे 'आ रही हूँ' ना?" वल्लरीनं विचारलं.

"हौ," मी म्हणालो. घरातून निघणारा माणूस आपल्यात 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे तिला समजावायचं त्राण नव्हतं. तेवढा आळस मला भोवला.

शनिवारी दुपारी अडीचला मोबाइल वाजला.

'आशालता. येते.'

माझी बायको. बहिणीकडे बैहरला गेलेली. मी नकाराचं बटण दाबलं आणि तिला फोन लावला.

"कुठी आहेस?"

"बसमंधी. आताच निंघाली गाडी. काहून?"

"उतर खाली. तिथंच थांब."

"वेड लागलं का तुमाले? पाचले पोचते ना मी..."

जंगलात रेंज गेली. पुन्हा लावला, लागेना. पण नकार तर दिलाय, असं म्हणत मी दोन ग्लास पाणी प्यायलो. खूप बरं वाटलं.

तीनला वल्लरीचा फोन आला.

"काकाजी, काकूले रिजेक्ट काहून केलं? बोट लागलं असन तुमचं. मी मंजूर करून टाकलं. आ रही हूँ म्हणून लिवलं ना त्यांनी!"

आशालताचा फोन अजून लागत नव्हता.

सव्वातीनला मोबाइल वाजला. सर्व्हरवर तिच्या नावानं पहिला निरोप आला होता.

'पोचले.'