काचेपलीकडचा अंगठा

बस गं जरा. लाईट येईपर्यंत अंधारात जिना उतरून पाय मोडून घेणार आहेस का? बॅटरीचा दिवा टेबलावर ठेव... असा. त्या खुर्चीवर नको उजेड.

आणि मला त्या खुर्चीत बसवायचा आग्रहही नको. सकाळपासून तुझं तेच चाललंय. "ताई, तुमचा चेहरा पार उतरलाय, डॉक्टरांना सांगा, मी स्वतः तुम्हाला मशीन लावते." लावशील गं. हात चांगला आहे तुझा, मीच शिकवलाय. पण आधी ऐक, मग ठरव.

माझ्या धाकट्या बहिणीचं तुला अर्धंच माहीत आहे. बाळंतपणानंतर ती जी पलंगावर बसली ती बसलीच. दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे टक लावायची आणि दिवस मावळेपर्यंत नजर हलायची नाही. बाळ रडून लाल व्हायचं, ही ढिम्म. ढब्बू म्हणतो आम्ही त्याला, कसा गोल गरगरीत! पण तिनं त्याला एकदाही आपणहून उचललं नाही. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हिला एकटं सोडू नका." आपल्या कामात ह्या वाक्याचा अर्थ काय होतो, ते तुला सांगायला नको.

एकदा वेणी घालताना तिनं कपाळाच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. म्हणाली, "ताई, इथे कुणीतरी बसलंय गं. ओरडत नाही... मायेनं बोलतं. म्हणतं, तू नसलीस तर बाळ सुखात राहील."

मी म्हटलं, "बसलंय तर उठवू! भाडंबुडव्या भाडेकरूंना हुसकायलाच तर हे चुंबकाचे ठोके देणारं मशीन आणलंय आम्ही." ती हसली नाही. मी वेणी पुरी केली.

आपल्या माणसाला स्वतः मशीन लावायचं नाही, हा आपला नियम. पण माझ्या बहिणीच्या डोक्याला दुसरं कुणी हात लावणार, हे मला पटेना. डॉक्टरांच्या मागे लागून मी ते काम माझ्याकडे घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पहिला दिवस नेहमीसारखाच. तिच्या कानातले डूल काढून घेतले, कानांत बोळे घातले, खुर्ची मागे केली. दुपारची वेळ, तापलेल्या रेक्झिनचा वास. तुला मी काय शिकवलंय? चेहरा बघू नकोस, अंगठा बघ. चेहरा बनवता येतो, अंगठा नाही बनवता येत. कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला धरून जोर वाढवत नेला, तसा उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला. तिला किती जोर लागतो ते कळलं. मग कॉइल पुढे सरकवून उपचार सुरू केला. आता अंगठा गप्प राहायला हवा, आणि राहिलाच. टक टक टक टक... मग विश्रांती. पुन्हा टक टक टक टक...

मी सहज मान वर केली. काचेपलीकडे आमची आई बसली होती, ढब्बू तिच्या मांडीवर झोपलेला. त्याचा उजवा अंगठा उडत होता.

बाळं झोपेत हातपाय झाडतात, मला काय कुणी सांगायचं! पण मशीन थांबलं की तो थांबायचा. सुरू झालं की पुन्हा. मी मुद्दाम मधेच बटण बंद केलं. अंगठा मधेच थांबला.

नंतर आईला विचारलं, "आवाजानं उठला नाही ना गं तो?" आई म्हणाली, "कसला आवाज? काही ऐकू येत नाही बाहेर." तू म्हणशील, कुणाला बोलले का नाही. अगं, काय बोलणार? ह्या जागेत असं काही बोललं तर आपल्यालाच खुर्चीत बसवतात.

आणि धाकटी सुधारत होती! एक दिवस म्हणाली, भूक लागलीय. मग एकदा खुर्चीत पडल्या पडल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, केवढी पिकलीस गं तू!" आणि खुदकन हसली. मी सामानाच्या खोलीत जाऊन हुंदके देऊन रडले. इतक्या महिन्यांनी जिवात जीव आला होता.

इकडे ढब्बू रडायचा थांबला. आईला कौतुक, "किती शहाणं झालंय बाई, ओल्यातसुद्धा रडत नाही." मी घरी गेले तर तो पाळण्यात जागा पडलेला. डोळे दाराच्या वरच्या कोपऱ्यावर. त्याच कोपऱ्यावर. धाकटी धावत आली, तिनं त्याला उचललं. आपणहून, पहिल्यांदा! आणि त्यानं तोंड फिरवलं.

"रागावलाय गं माझ्यावर," ती म्हणाली. डोळे भरून आले तिचे. उपचार थांबवावेत तर बहीण जाते, चालू ठेवावेत तर बाळ. इकडे आड तिकडे विहीर.

उपचारांच्या शेवटच्या दिवशी मी तुला मशीनवर उभं केलं, आठवतं? चहा पिऊन येते म्हणाले. चहाबिहा काही नव्हता. बाहेर जाऊन मी ढब्बूला आईकडून घेतलं आणि काचेला पाठ लावून बसले. त्याचा इवलासा अंगठा माझ्या मुठीत धरला. जन्मभर असल्या गोष्टींना हसणारी मी, त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "सोड ह्या लेकराला. इथे ये... माझ्याकडे ये."

तू आत मशीन सुरू केलंस. माझ्या मुठीत तो अंगठा चिमणीच्या पिल्लासारखा धडधडायला लागला. हळूहळू शांत झाला. आणि मग माझा सुरू झाला.

ढब्बूनं असं भोकाड पसरलं! आतून धाकटी कानातले बोळे उपटत धावत आली. "दे इकडे, दे माझं बाळ!" तो तिच्या गळ्याला असा बिलगला की काही विचारू नकोस. आई मला रागावली, "चिमटा काढलास की काय?" मी म्हटलं, हो. मला काय, जीव ओवाळून टाकावासा वाटत होता दोघांवरून.

तेव्हापासून ते माझ्याकडे आहे. उशीला रेक्झिनचा वास येतो. आधी नुसतं बसून होतं. आता बोलायला लागलंय, अगदी मायेनं. काय म्हणतं ते नाही सांगणार तुला.

आता कळलं, मी खुर्चीत का बसत नाही? तू मशीन लावशील, मी बरी होईन गं. पण ते उठलं की जाणार कुठे? घर त्याला माहीत झालंय. दार लाव, काच झाक, बाहेर कुणाला बसू देऊ नकोस... तरी मला खात्री नाही.

खरं तर काल रात्री ठरवलं होतं, तुला हो म्हणायचं. तेवढ्यात धाकटीचा फोन आला. किती दिवसांनी तिचा तो जुना आवाज! "ताई, तुझा भाचा नवीन खोडी शिकलाय. जीभ टाळ्याला लावून वाजवतो. थांब हं, ऐकवते."

टक टक टक टक...

मग विश्रांती. आपल्या मशीनएवढीच.

"बघ, मधेच थांबतो आणि हसतो लबाड!" ती म्हणाली. "दाराच्या वर बघून हसतो. काय दिसतं त्याला कुणास ठाऊक!" मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? माझा अंगठा त्याच्या तालावर उडत होता.

योगायोग म्हणतेस? बरं. आत्ता फोन पर्समध्ये आहे, बंद. मशीनला लाईट नाही. दिवा जरा जवळ आण... माझ्या हाताजवळ. घाबरू नकोस, नुसतं बघ.

दिसलं? घरी खेळतोय वाटतं तो.

टक... टक... टक... टक...

थांबला. आता हसत असेल.