परसातला खजूर

एकादशीला खजूर खायचा आणि बिया परसातल्या भिंतीवरून पलीकडे भिरकावायच्या, हा चारुशीलाचा लहानपणापासूनचा उद्योग. पलीकडचं घर कितीतरी वर्षं बंद होतं, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. पण पंचावन्न सालच्या श्रावणात एक बी भिंतीपलीकडे गेली आणि लगेच भिंतीवर एक डोकं आलं. सावळा चेहरा, हसरे डोळे, आणि तळहातावर तीच ओली बी.

“ही तुमची काय?”

चारुशीला तेव्हा सतरा वर्षांची. अमरावतीतल्या नावाजलेल्या वकिलांची, बापूसाहेबांची एकुलती एक लेक. जाब द्यायची तिला सवय नव्हती. “असली तर?” ती तोऱ्यात म्हणाली.

“तर मानसाच्या डोक्शावर मारन्यापरीस मातीत लावा ना. झाड निंगते त्याचं.”

हा जानराव. पातूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, शेतकी खात्यात नव्यानेच चिकटलेला, आणि कालच त्या बंद घरात भाड्याने राहायला आलेला. नाल्याकाठची शिंदी, म्हणजे रानटी खजूर, सगळ्यांच्या ओळखीची, पण खरा बसऱ्याचा खजूर वकिलांच्या परसात? बापूसाहेब हसले आणि करा काय करायचं ते, म्हणाले. जानरावने खड्डा खणला, वाळू आणि शेणखत कालवलं. चारुशीलाने बी ठेवली, त्याने माती लोटली. मातीत दोघांची बोटं एकमेकांना लागली, आणि... ती काढून घ्यायची घाई कोणीच केली नाही. तिच्या ताटलीतली आणखी एक बी त्याने खिशात टाकली. ती तो पातूरच्या शेतात लावणार होता.

“याच्यात नर अन् मादी येगयेगळे असतात,” तो म्हणाला. “फूल आल्याबिगर समजत नाही. सात वर्सं लागतीन.”

“आणि माझी मादी निघाली, तुमचा नर — तर? पातूर केवढं लांब.”

“ते मी पाहून घेईन ना,” तो मातीकडे बघत म्हणाला. “तुमी फक्त वाट पाहा.”

तिची कानशिलं तापली. बोलणं खजुराचंच चाललंय, असं दोघांनीही धरून चालायचं ठरवलं.

दोन वर्षं ती भिंत त्यांच्या बोलण्याने नुसती गजबजलेली होती. मग त्याची अकोल्याला बदली झाली. जातीबाहेरच्या शेतकऱ्याला बापूसाहेब मुलगी देणार नाहीत, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. तरी मोठ्या जागेवर चढलो की येतो आणि तोंडावर मागणी घालतो, असं त्याने सांगितलं. “मले मनातलं लिहिता येत नाही हो, तुमच्यासारखं... पन मी येईन.” तिने त्यावर भरवसा ठेवला. आलेल्या स्थळांपैकी एकाचं नाक तिला नडलं, एकाची आई, एकाचं चालणं. असं करता करता पाच स्थळं तिने परतवली.

बासष्टच्या माघात खजुराला पहिली फुलं आली. फुलांचे तीन घोस, तिच्या खांद्याइतक्या उंचीवर. धुण्याभांड्याच्या गंगूबाईने शिंदी पाहिलेली. तिने बघताक्षणी मादी म्हणून सांगितलं. चारुशीलाला हसावं की रडावं कळेना, कारण त्याच आठवड्यात बापूसाहेबांनी नागपूरचं स्थळ आणलं होतं. या वेळी त्यांनी नाक-कान काही ऐकून घेतलं नाही. पौर्णिमेपर्यंत हो म्हण, नाहीतर कारण सांग, एवढंच ते म्हणाले. तिने अकोल्याला पत्र टाकलं: आपली मादी निघाली. पौर्णिमेच्या आत या, नाहीतर एक शब्द लिहा. उत्तर गंगूबाईच्या पत्त्यावर धाडा.

पौर्णिमेला दोन दिवस असताना पाकीट आलं. खजुराशी उभं राहून तिने ते फोडलं. आत घडी केलेला कागद. कागदावर अक्षर नाही. तिने तो उलटला, उजेडाकडे धरला... घडीत चिमूटभर पांढुरकी धूळ होती, बस्स.

सात वर्षं वाट पाहिली, आणि एक शब्दही लिहावासा वाटला नाही त्याला. तिने तो कागद धुळीसकट झाडावर भिरकावला आणि आत जाऊन बापूसाहेबांना हो सांगितलं. उशीर नको म्हणून त्यांनी पौर्णिमेलाच साखरपुडा उरकला.

वैशाखात लग्न झालं. नवरा भला होता, तक्रारीला जागा नव्हती, आणि म्हणूनच तिला कोणाजवळ रडता येत नव्हतं. आखाडाला ती माहेरी आली तेव्हा परसात नत्थुजी हातपाय धूत होते. बापूसाहेबांचे जुने पक्षकार, पातूरचे. त्यांची नजर खजुरावर खिळली होती. दोन घोसांवर नुसती खुरटी बोंडं, आणि तिसरा पिवळ्याधमक फळांनी लगडलेला.

“याच्यावर नराची धूळ कोनं टाकली, बाई?”

“कसली धूळ?”

“नराच्या फुलातली. मादीचं फूल उमललं का आठ दिवसांत लागते ती, तवा फळ धरते. आमच्या पातुरात जानरावकडं नर होता. माघात त्यानं धूळ कागदात बांधून घाईघाईनं कोठंसं धाडली. मंग रजा भेटली तसा पुनवेले सोता अमरावतीले आला.” नत्थुजींनी पंच्याने तोंड पुसलं. “रातच्या गाडीनं वापस गेला, अन् सकाळी कुऱ्हाड घेऊन झाडच तोडलं. काहून, ते कोनाले सांगत नाही.”

नत्थुजी आत गेले. चारुशीलाने घोसातलं एक फळ तोडलं. ते खाता खाता डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला मनातलं लिहिता येत नव्हतं, त्याने सांगितलं होतं तिला. त्याला येत होतं तेवढं सगळं त्याने त्या कागदात बांधून धाडलं होतं, आणि तिने त्यात अक्षर शोधलं.

तिने बी तळहातावर घेतली, पुसली, आणि भिंतीवरून पलीकडे भिरकावली. पलीकडचं घर पुन्हा बंद होतं. बी कुठेतरी पडल्याचा आवाज आला.

ती भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. कोणी काही विचारलं नाही.