लोकरीची रेघ

नोएडाची मेट्रो नवी होती तेव्हाची गोष्ट. स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाल्याशी मोडक्या हिंदीत हुज्जत घालणारा एक मुलगा थकून पुटपुटला, "कठीण आहे बाबा..." आणि रिक्षात बसलेल्या उत्तराला खुदकन हसू आलं. दिल्लीत वाढलेली असली तरी एवढं मराठी तिला कळत होतं. तासाभरानं बघते तर काय, तोच मुलगा तिच्या प्रयोगशाळेत हजर. चिन्मय, नवा सहायक, नांदेडचा.

काम डेंग्यूचं. विषाणूशी लढायला रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात, त्यांचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे. यंत्र वजनावरून एकेक तुकडा ओळखतं आणि पडद्यावर त्याची रेघ काढतं. नमुने तयार करायचा चिन्मय, यंत्र सांभाळायची उत्तरा. एक नियम मात्र कडक — लोकर आत आणायची नाही. तिच्यातलं प्रथिन नमुन्यात पडलं, की बाकी सगळं झाकून टाकतं.

थंडीत तो कुडकुडायचा. उत्तरानं पानिपतची लोकर आणवली, घरी जाता-येता कॅबमध्ये विणली आणि मोरपंखी स्वेटर त्याच्या हातात ठेवला. वर बजावलं, "घालून दाखवायचा हं, बिल्कुल."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा... पांढऱ्या कोटाच्या गळ्यातून मोरपंखी कड डोकावत होती. त्याला तिथूनच परत पाठवणं हे तिचंच काम. पण बाईसाहेब विरघळल्या ना! तिनं कड आत खोचली, कॉलर सारखी केली आणि त्याला आत सोडलं.

संध्याकाळी पडद्यावर लोकरीच्याच रेघा उंच उभ्या राहिल्या. नमुन्यांतलं रक्त तापाच्या पहिल्या दिवसांतलं होतं आणि रुग्ण केव्हाच बरे होऊन घरी गेले होते. ते नमुने पुन्हा मिळणार नव्हते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख गिरिजा मॅडमनी दोघांना बोलावून विचारलं, चूक कोणाची? उत्तरा यंत्राचे कागद चाळत राहिली. चिन्मय शांतपणे म्हणाला, "माझी." महिनाअखेरीस त्याची नोकरी गेली.

तो निघताना उत्तरानं त्याला गेटपाशी गाठलं. "नियम माहीत होता ना? मग तिथंच कशाला घातलास?"

"बाहेर तू भेटतेस कुठे... दाखवणार कधी?"

तो जरासा रेंगाळला. तेव्हा तरी बोलायचं होतं गं — थांब, मीही मॅडमना खरं सांगते, मला तू हवा आहेस... पण ती म्हणाली, "चलो, उशीर होतोय," आणि कॅबमध्ये जाऊन बसली.

आजही कधीमधी एखाद्या नमुन्यात लोकरीची रेघ उमटते. काम वाया गेलं म्हणून सगळे वैतागतात, आणि उत्तराकडे बघतात. उत्तरा रागावत नाही. ती आधी विचारते, "स्वेटर कोणी विणलाय?"