शेवटच्या रांगेतली नोराबाई

माझा आवाज असा का, हे विचारलंत म्हणून सांगते. कंदील जरा इकडे सरकवा. हाकेच्या अंतरावर एकलहऱ्याला वीज तयार होते आणि आमच्या सातपूरला रोज संध्याकाळी अंधार, याचं आता कुणाला हसूही येत नाही.

त्या दुपारी मी नाट्यगृहात गेले ती नाटकातलं एक लुगडं परत करायला. २००५ साल. आमच्या कामगार मंडळाचं नाटक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलं होतं आणि त्यातली आई मी करत होते. म्हणजे गळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत करत होते. त्यानंतर आवाज जो बसला तो उठलाच नाही. कुजबुजण्यापलीकडे काही निघेना. आमचा दिग्दर्शक दिनेश, त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप, माणूस भिडस्त. घरी यायचा, चहा प्यायचा आणि भूमिकेचा विषय न काढताच जायचा. शेवटी मीच म्हटलं, मंडळातल्या पायलला दे भूमिका. दिवसभर ऑफिसात बिलं टाइप करणारी बाई मी. नाटक होतं म्हणून मला मी आवडायचे. लुगडं परत केलं की ते संपणार होतं.

पण आधी नोराबाई सांगायला हवी. नोरा व्हिटलॉक, ऑस्ट्रेलियाची नटी. मेंढ्या पाळणाऱ्यांच्या गावात जन्मली, सोळाव्या वर्षी तंबूतल्या फिरत्या नाटकात शिरली, मेलबर्नच्या रंगभूमीवर गाजली आणि मग सिनेमात गेली. चाळिशीनंतर नायिकेची कामं थांबली तेव्हा ती रडत बसली नाही. शेजारीण, नर्स, कुणाची तरी आई, मिळेल ते केलं, आणि असं केलं की लोक नायिकेला सोडून तिलाच बघायचे. दिनेशने तिची एक कॅसेट मिळवली होती. त्यात ती पाठमोरी उभी राहून एक चादर घडी करते, बस्स. तोंडातून शब्द नाही. आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या नटी विमलाबाई, त्यांच्या घरी बसून आम्ही ते पाहिलं आणि एकजात सगळे रडलो. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

१९९७ला ती एका शूटिंगसाठी त्र्यंबकच्या बाजूला आली. सेटवरचं एक रेलिंग दिनेशने केलं होतं. आपण कुणालाही चहाला बोलावतो तसं त्याने तिला तालमीला बोलावलं, आणि ती खरंच आली. पुढे दर हिवाळ्यात देवळालीला बंगला भाड्याने घ्यायची आणि गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळून आमच्या तालमीला हजर. मराठी कळत नव्हतं, पण आम्ही कुठे खोटं बोललो ते तिला बरोबर कळायचं.

तिची एक रीत होती. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची. ओरडायचं नाही, इथवर पोचायचं, एवढंच तिचं सांगणं. वाक्य पोचलं की बोटातली चांदीची अंगठी खुर्चीच्या लोखंडी दांडीवर एकदा वाजवायची. टक. नाही पोचलं तर गप्प. आणि दोनदा वाजलं तर तुझं काम पुरं झालं, आता विंगेत जा. दोनदा वाजल्यावर रेंगाळलेलं तिला खपायचं नाही. नटाला जाणंही छान जमलं पाहिजे, म्हणायची.

२००४च्या हिवाळ्यात ती आली नाही. मेलबर्नला वारली, असं दिनेशला फोनवर कळलं.

तर ती दुपार. वॉचमन बहिरूने कुलूप काढून दिलं आणि तो बाहेर बसला. वीज गेलेली. बाहेर रणरणतं ऊन, पण आत पाऊल टाकलं की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. जुन्या पडद्यांचा कुबट वास. लुगडं मेकअपच्या खोलीत ठेवायचं सोडून मी रंगमंचावर गेले. शेवटचंच म्हणून उभी राहिले आणि आईचं शेवटचं वाक्य म्हटलं, माझ्या त्या फुटक्या कुजबुजीत.

"कडी लावू नका… तो येईल."

काहीच हललं नाही. मग शेवटच्या रांगेतून आवाज आला.

टक.

आणि हळूहळू, रांगांवरून पुढे सरकत, निलगिरीचा वास.

भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नाही, ही आमच्या घरची शिकवण. ती शिकवण छातीशी धरून मी धावत बाहेर आले. आत कोण आहे, विचारलं. बहिरू माझ्याकडे बघतच राहिला.

"तुम्हीच व्हत्या ना एकल्या. दुसरं कोण नाय. चावी तर माझ्याकडं हाय."

लुगडं मात्र माझ्या हातातच राहिलं होतं. मी तशीच दिनेशच्या वर्कशॉपवर गेले आणि भूमिका परत मागितली. तो चाचरला. मग म्हणाला, ठीक, मी कोपऱ्यात बसून ऐकतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच खुर्चीवर बसला, मी वाक्य म्हटलं. तो उठून आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"पोचतं, आशाताई. अगदी कानाशी बोलल्यासारखं… पण त्या खुर्चीवर मी पुन्हा बसणार नाही. बसलो तेव्हा ती गरम होती."

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. एसटीत जागा धरतात तसा दिनेशने त्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. शेवटच्या प्रवेशात मी कुजबुजले आणि एवढ्या माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग ते आलं. टक. मला तर रडूच कोसळलं. नाटकात माझ्या सासूचं काम करणाऱ्या विमलाबाईंनी दिवा विझवला आणि पडदा पडला.

मेकअप पुसताना विमलाबाई आरशात बघून म्हणाल्या, "बाईंनी आज दोनदा वाजवलं. ऐकलंस ना?"

मी एकदाच ऐकलं होतं. तसं सांगितलं. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"काम बरं झालं ना गं माझं?"

"फार छान झालं."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि कुंकू नीट करून घरी गेल्या. सकाळी सून उठवायला गेली तर त्या उठल्या नाहीत. चेहरा चांगला प्रयोग झाल्यावर असायचा तसाच होता.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात माझ्यासाठी एकदा वाजतं. भीती वाटते का, विचारताय? वाटते. पण एखाद्या दिवशी वाजलंच नाही तर, याची भीती त्याहून मोठी आहे. तिने माझी कुजबुज ऐकली नसती तर मी आज बिलं टाइप करत…

थांबा.

तुम्ही काही वाजवलंत? नाही… तुमच्या हातात अंगठी नाही. आणि या खोलीत लोखंडाची एकही खुर्ची नाही, सगळ्या प्लास्टिकच्या.

बोलू नका. फक्त एवढं सांगा… एकदाच वाजलं ना?