तणमोराचा आढळ-नकाशा

अकोल्याच्या पक्षी-आढळ केंद्राचे प्रमुख डॉ. अजित खांबेटे यांनी पडद्यावरच्या पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"चौकोन चारशे सतरा. तणमोर असण्याची शक्यता दोन टक्के. आणि तुम्ही तिथे घरटं पाहिलंत?"

"तीन अंडी होती," डॉ. हेमांगी लोणकर म्हणाल्या. "पारधी बेड्यावर राहणाऱ्या रमकीबाई सोळंके मला घेऊन गेल्या."

खांबेटे हसले. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी माळावर पाऊल ठेवलं नव्हतं. गवताची कुसळं पॅंटला चिकटतात, ही त्यांची तक्रार होती.

"सर, जिथे नोंदी आहेत, तिथलं गवत, माती, पाऊस नकाशा तपासतो आणि तसेच चौकोन हिरवे करतो. नोंदी बहुतेक माझ्याच, चौदा वर्षांच्या. पण त्या सगळ्या जीप जाते तिथल्या. बाकीच्या माळाबद्दल त्याला काही ठाऊकच नाही."

"म्हणून तर विश्वासांक आहे. नकाशाशी जुळणारी नोंद केली की तो वाढतो, न जुळणारी केली की घटतो. पन्नासच्या खाली गेलात, तर यंत्र तुमच्या सगळ्या जुन्या नोंदी काढून टाकेल. आज तुम्ही एक्कावन्नवर आहात. ही नोंद मागे घ्या. सोमवारी पांढरे चौकोन सौरप्रकल्पाला द्यायचे आहेत."

हेमांगींनी नोंद मागे घेतली नाही. त्या पुन्हा चारशे सतरामध्ये गेल्या. रमकीबाईंनी आणखी एक घरटं दाखवलं.

"हा नकाशा पाहून थोडंच अंडे देते पाखरू?" रमकीबाई म्हणाल्या.

हेमांगींनी तिथेच दुसरी नोंद केली. विश्वासांक छत्तीस झाला. चौदा वर्षं पुसली गेली आणि संध्याकाळपर्यंत सगळा नकाशा पांढरा झाला. ज्याच्या उद्घाटनाचा फोटो खांबेटेंच्या खुर्चीमागे टांगलेला होता, ते अभयारण्यही.

यंत्राचा निर्णय माणसाला फिरवता येत नव्हता. मानवी लहरीला वाव नको, म्हणून ती सोय खांबेटेंनीच काढून टाकली होती. नवीन नोंदी करणं एवढाच मार्ग उरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघींना जीपमध्ये बसवून ते अभयारण्यात गेले.

फार शोधावं लागलं नाही. काळाभोर नर गवतातून उसळला, पंख फडफडवून खाली गेला, पुन्हा उसळला. खांबेटेंनी चित्रण केलं आणि नोंद पाठवली.

उत्तर लगेच आलं. नोंद नकाशाशी विसंगत. विश्वासांक नव्व्याण्णववरून चौऱ्याऐंशी.

त्यांनी पुन्हा पाठवली. एकोणसत्तर. तिसऱ्यांदा, चोपन्न.

"आणखी एक पाठवा की, सर," हेमांगी म्हणाल्या. "पक्षी समोर आहे."

केंद्रप्रमुखपदाला किमान पन्नास विश्वासांक लागतो, हा नियमही खांबेटेंचाच होता. ते जीपच्या सावलीत गेले आणि बराच वेळ टंकत राहिले.

"काय लिहून राहिले साहेब?" रमकीबाईंनी विचारलं.

हेमांगींनी पडद्यावर नजर टाकली. "तणमोर आढळला नाही, असं."

रमकीबाई गवतात थुंकल्या.

नर पुन्हा उसळला. खांबेटेंनी मान वर केली नाही. विश्वासांक एकसष्ट झाला होता, आणि ते पुढची नोंद करत होते.